आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी स्पोर्ट्स कारचं कूलिंग: घरच्या घरी काय तपासायचं, काय बदलायचं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर गेला की टर्बो पेट्रोल गाडीवाल्यांची एकच तक्रार असते: गाडी ओढत नाही. बिघाड बहुतेक वेळा इंजिनात नसतो. इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा गार करणारी जाळी) तापलेला असतो, आत जाणारी हवा गरम असते, आणि नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी खडखड) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतःच इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. अशा वेळी रीमॅपवर (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलण्यावर) आणि मोठ्या एअर इनटेकवर पैसे घालणं म्हणजे गळक्या हौदाला दुसरा पंप बसवणं. खान्देशात ऑक्टाव्हिया आरएस असो, पोलो जीटीआय असो की मिनी कूपर एस, पहिला खर्च कूलिंगवर करावा. झाडांना आखाजीचे झोके लागायच्या आत हे काम उरकलेलं बरं.

सुरुवात जाळीपासून करा. आपल्याकडे हा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण जिनिंगच्या हंगामात कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रकमागून उडणारी रुई बंपरच्या जाळीतून आत शिरते आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत अडकते. वर काळ्या मातीची धूळ बसली आणि पावसाचं पाणी मुरलं की तिचा नमदा होतो. बाहेरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. वरचं प्लास्टिकचं एअर डक्ट काढा (बहुतेक गाड्यांत टॉर्क्सचे दोन-चार स्क्रू असतात) आणि टॉर्चने फटीत वरून बघा. रुई दिसली तर इंजिन गार असताना साबणाचं पाणी फवारा, दहा मिनिटं भिजू द्या, आणि बागेच्या साध्या पाइपने इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला पाणी मारा. पुढून मारलं तर कचरा आणखी आत ठासला जातो. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप मात्र जवळ आणू नका. त्या धारेने अॅल्युमिनियमचे पंख वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. उरलेली रुई रंगाच्या मऊ ब्रशने उभ्या दिशेत काढा.

आता कूलंट. बोअरचं पाणी टाकायची सवय ट्रॅक्टरला कदाचित चालून जाते, इथे नाही. त्यातले क्षार गरम धातूवर पापुद्रा धरतात, हीटर कोर (हीटरचा छोटा रेडिएटर) आणि टर्बोच्या बारीक पाण्याच्या नळ्या आधी तुंबतात. शिवाय नुसतं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण साधारण १०७ अंशांना, आणि दीड बार दाबाच्या आसपासची टाकीची कॅप शाबूत असेल तर १३० च्याही पुढे. म्हणजे कॅपचं रबर मेलं तर वीस-पंचवीस अंशांची राखीव जागा गेलीच. चार-पाच वर्षं जुनी कॅप न विचारता बदला, सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त वस्तू तीच आहे.

रंगावरून कूलंट निवडू नका. हिरवा, गुलाबी, जांभळा हा फक्त रंग आहे, कंपनीचं स्पेसिफिकेशन बघा. फोक्सवॅगन-स्कोडाला जी१३ किंवा जी१२ ईव्हो लागतं. त्यात जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट मिसळलं तर गंजरोधक द्रव्यं एकमेकांना मारतात, कधी तपकिरी चिखल होतो.

बदलायचं असेल तर पहाटे. गाडी रात्रभर उभी हवी, तापलेल्या टाकीची कॅप उघडली तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. बुटकी गाडी आधी दोन फळ्यांवर चढवा, नाहीतर जॅक खाली जाणारच नाही. मग जॅक स्टँड लावा. विटांवर किंवा दगडावर ठेवलेल्या गाडीखाली शिरू नका. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढा, मापाच्या खुणा असलेली दहा लिटरची बादली ठेवा आणि रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) सोडा. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत त्याला तारेची क्लिप असते. ती एक टप्पा बाहेर ओढली की होज सुटतो, पूर्ण उपटायची गरज नाही. आतली ओ-रिंग चपटी झाली असेल तर नवी घाला, जुनी परत बसवली की आठवडाभरात तिथूनच ठिबकतं.

किती निघालं ते मोजा, सगळा हिशेब त्यावर आहे. समजा सिस्टीम ८ लिटरची आणि बादलीत आलं साडेपाच. उरलेलं अडीच लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटर कोरमध्ये आहे. डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत (वरचा होज हाताला गरम लागेपर्यंत) इंजिन चालवा, गार होऊ द्या, सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा. शेवटी आत जे अडीच लिटर राहतं ते नुसतं पाणी असतं. म्हणून पक्कं, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट ४ लिटर आधी ओता, मग दीड लिटर डिस्टिल्ड वॉटर. इथेच बहुतेक जण चुकतात: दुकानातलं तयार मिश्रण साडेपाच लिटर ओततात, आणि प्रत्यक्षात प्रमाण ५० टक्क्यांऐवजी ३४ वर येतं. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून कूलंटचा गोठणबिंदू दाखवणारं उपकरण) असेल तर रेषा उणे ३५-३७ च्या आसपास हवी. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरं, पण तोच आकडा प्रमाण बरोबर असल्याची खूण आहे.

भरताना घाई नको. हळू ओता, वरचा होज हाताने दाबत राहा, एअर स्क्रू असेल तर तिथून बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा. मग हीटर गरमवर, इंजिन दोन हजार आरपीएमवर काही मिनिटं, आणि पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून गार हवा येत असेल तर हवा अजून अडकलेली आहे. दुसऱ्या सकाळी लेव्हल खाली दिसेलच, तेवढं भरा. विजेवरचा दुसरा वॉटर पंप असलेल्या गाड्यांत तो स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्राने) फिरवावा लागतो. बॉक्सस्टरसारख्या मध्ये इंजिन असलेल्या गाडीत मात्र हे काम घरी करू नका. लांबच लांब नळ्या खालून जातात, व्हॅक्युमने भरल्याशिवाय हवा निघत नाही.

जुनं कूलंट गटारीत किंवा बांधावर ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्रं किंवा वासरू चाटतं आणि किडनी निकामी होऊन मरतं. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

लेव्हल दर महिन्याला उतरते पण खाली डाग नाही, अशी गाडी आली की ईए८८८ इंजिनात (आरएस आणि जीटीआय दोन्हींत तेच) आधी वॉटर पंप-थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग बघा. ते इनटेकच्या खाली दडलेलं असतं, गरम होऊन वाकतं आणि सांध्यातून पाझरतं. गळती गरम धातूवर सुकते, म्हणून जमिनीवर थेंब पडत नाही; गुलाबी-पांढरी खपली दिसते आणि गोडसर वास येतो. खात्री करायला हातपंपाचा प्रेशर टेस्टर टाकीवर लावा, कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरा आणि १५ मिनिटं काटा बघा. काटा उतरला पण कुठेच ओल नाही, आणि सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येतो, तर हेड गॅस्केटकडे (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगकडे) जा. तिथून पुढचं काम घरचं नाही.

डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. फोक्सवॅगन गटात खरं तापमान साधारण ७५ ते १०५ असलं तरी काटा ९० वरच ठेवलेला असतो, चालकाला घोर नको म्हणून. ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर खरा आकडा बघा. भर दुपारी शंभर-एकशेपाच ठीक, ११५ ओलांडलं की एसी बंद, हीटर पूर्ण, पाय हलका, आणि तरी चढत राहिलं तर बाजूला घ्या. एसी लावल्यावर पंखा हळू फिरायला हवा. एकदम जोरातच फिरतो आणि एरवी गप्प असतो, तर बहुधा हळू वेगाचा रेझिस्टर किंवा पंख्याचा कंट्रोलर गेला. गाडी बंद केल्यावरही पंखा चालू राहिला तर घाबरू नका, टर्बो गार होतोय.

ब्रेक ऑइलचं थोडक्यात. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पावसाळ्यात जास्तच. कोऱ्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार) चा उत्कलनबिंदू किमान २३०, पाणी शोषलेल्याचा १५५ अंश. कन्नडचा घाट उतरताना किंवा तोरणमाळच्या वळणांवर हाच फरक पायाला कळतो: पेडल मऊ होऊन खाली जातं. दोन वर्षांनी बदला, १ लिटर पुरतं. जुनं ऑइल चाकांपाशी सोडताना परदेशी व्हिडिओत मागचं उजवं चाक आधी सांगतात, कारण त्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. आपल्याकडे मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) बहुतेक उजवीकडे, म्हणून सर्वांत लांबचं मागचं डावं चाक आधी. तरी गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. वरची टाकी मध्येच रिकामी झाली तर एबीएसमध्ये हवा जाते आणि मग स्कॅनरशिवाय निघत नाही. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

टायरची हवा सकाळी, गाडी न चालवता बघा. दर १० अंशांमागे साधारण एक ते दीड पीएसआय वाढतो. धुळ्याहून जळगावला भर उन्हात पोचल्यावर ३२ चे ३७ दिसले म्हणून हवा काढू नका, रात्री टायर कमी भरलेला निघेल. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर टायरच्या बाजूवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी असा टायर मे महिन्याच्या हायवेवर नको.