बडोद्यात बसून पॉवरबोट रेसिंगचा इतिहास मुलांना कसा सांगायचा

बडोद्याच्या मुलांनी पाणी म्हणजे बहुतेक सुरसागर तलावाचंच बघितलेलं असतं, म्हणून आधी लाटेपासून सुरुवात करा, सन-सनावळ्या नंतर. बाथरूमचा टब भरा, थर्माकोलचे सारख्या लांबीचे दोन तुकडे घ्या, एकाचा तळ सपाट ठेवा आणि दुसऱ्याचा कटरने खोल व्ही (V) आकारात कापा. एकाला हाताने लाटा करायला लावा, दुसऱ्याने दोऱ्याने ओढायचं. सपाट तुकडा लाटेवर थडथड आपटतो, व्हीवाला लाट कापत जातो. हे दिसलं की मग नकाशा काढा.

अमेरिकेतलं मायामी ते बहामातलं नासाऊ, साधारण 300 किमी, इंजिनाच्या वेगवान बोटींची (पॉवरबोटींची) या मार्गावरची पहिली रेस 1956 ला, सॅम ग्रिफिथ आणि डिक बर्ट्रमनी जिंकली. पण खरी गंमत 1960 ची, तिथे वेळ द्या! त्या वर्षी समुद्र खवळलेला, आणि बर्ट्रमची मॉपी ही रे हंटने डिझाइन केलेली खोल व्ही तळाची लाकडी बोट सुमारे 8 तासांत पोचली, बाकीच्या बहुतेक बोटी दुसऱ्या दिवशी आल्या. पुढे मॉपीवरूनच बर्ट्रम 31 या बोटीच्या मॉडेलचा साचा बनला.

मग इंग्लंड, पटकन: 1961 ला सर मॅक्स एटकननी काउझ ते टॉर्की ही पॉवरबोट रेस सुरू केली, 1969 ला ब्रिटनला वळसा घालणारी रेस झाली, ती रॅली ड्रायव्हर टिमो मॅकिननने जिंकली. कारचं वेड असलेल्या पोरांना हा भाग फार आवडतो, त्यांना अंतर बोटाने नकाशावर फिरवायला द्या.