सेलमला गाइडबरोबर जाण्याआधीची तयारी

बॉस्टनला लेकीकडे किंवा मुलाकडे आलेल्या आई-बाबांना एक दिवस जवळचं सेलम, म्हणजे 1692च्या चेटकिणींच्या खटल्यांसाठी ओळखलं जाणारं बंदराचं गाव, दाखवायचं, हे आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ठरलेलं असतं. मग चेटकिणींची दुकानं, टोकदार टोप्या, एखादा फोटो, आइस्क्रीम, की झाली सहल. मला याची फार हळहळ वाटते. ज्या धक्क्यावरून गलबतं थेट मुंबई-कोलकात्याला निघायची, तो तिथून चालत काही मिनिटांवर असतो आणि आपली माणसं तो न बघताच परततात. म्हणून ही तयारी लिहितो आहे.

सगळ्यात आधी गाइड ठरवा. सेलममध्ये गाइडसह फिरवणाऱ्या फेऱ्या ढिगाने मिळतात, पण त्यातल्या पुष्कळशा संध्याकाळच्या आणि भुताखेतांच्या असतात. तुम्हाला दिवसाची, इतिहासाची फेरी हवी. फोनवर किंवा ईमेलवर सरळ विचारा: डर्बी व्हार्फ (तो जुना धक्का) आणि कस्टम हाउस (जकातीची कचेरी) तुमच्या फेरीत येतं का? तिथे किती वेळ थांबता? गटात किती माणसं असतात? मध्ये बसायला जागा मिळते का? शहराचा परवाना असलेला, शक्यतो तिथेच राहणारा गाइड निवडा. चार-पाच जण असाल तर फक्त तुमच्यासाठीची फेरी घ्या. पैसे थोडे जास्त जातात, पण बाबांना ऐकू आलं नाही तर गाइड परत सांगतो, आणि आईचा वेग हाच सगळ्यांचा वेग ठरतो.

दिवस निवडताना ऑक्टोबर टाळा. हॅलोविनच्या त्या महिन्यात गावात पाय ठेवायला जागा नसते, पार्किंग सकाळीच भरतं आणि गर्दीत गाइडचा आवाज पोचत नाही. मेचा शेवट, जून किंवा सप्टेंबरचा आठवड्यातला साधा दिवस उत्तम. इथलं पीबॉडी एसेक्स म्युझियम (त्याबद्दल पुढे सांगतो) आठवड्यातले काही दिवस बंद असतं, तेव्हा आधी म्युझियमचा दिवस बघा आणि मगच गाइडची वेळ घ्या. फ्रेंडशिप हे 1797च्या जहाजाच्या नमुन्यावरून बांधलेलं जहाज धक्क्याला लागलेलं असतं. दुरुस्तीसाठी ते कधी हलवतात, तेही पाहून ठेवा.

जायचं कसं, यात डोकं फार घालवू नका. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल गाडी साधारण अर्ध्या तासात सोडते. उन्हाळ्यात फेरीबोटही असते. समुद्राची सवय असलेल्यांनी जाताना बोटच घ्यावी, म्हणजे गाव बंदराच्या बाजूने समोर येतं.

आता थोडी वाचनाची तयारी, म्हणजे गाइडचं बोलणं डोक्यावरून जाणार नाही. 1692च्या खटल्यांत 19 जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं, एवढं माहीत असू द्या. प्रकरण सुरू झालं ते सेलम व्हिलेजमध्ये, म्हणजे आजच्या डॅनव्हर्समध्ये. बंदराचा काळ शंभर वर्षांनंतरचा. अमेरिका स्वतंत्र झाली आणि ब्रिटिशांच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटांशी होणारा जुना व्यापार तिला बंद झाला, तेव्हा सेलमच्या व्यापाऱ्यांनी जहाजं पूर्वेकडे वळवली. ब्रिटनबरोबरच्या 1794च्या ‘जे’ नावाच्या करारामुळे अमेरिकी जहाजांना हिंदुस्थानातल्या ब्रिटिश बंदरांत रीतसर प्रवेश मिळाला. सुमात्रातून मिरी, बंगालमधून सुती कापड, मुंबईतून कापूस अशी खरेदी चालायची. अमेरिकेनेच घातलेली 1807ची परदेशी व्यापारबंदी, ब्रिटनशी झालेलं 1812चं युद्ध आणि मोठ्या जहाजांना न पुरणारी बंदराची खोली, यांनी हे वैभव ओसरलं.

आपल्यासाठी यातली सगळ्यात जवळची गोष्ट म्युझियममध्ये आहे. 1799 साली इथल्या कप्तानांनी ईस्ट इंडिया मरीन सोसायटी काढली. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडून गेलेले कप्तान आणि जहाजावरच्या मालाचा व्यवहार बघणारे, एवढ्यांनाच तिचं सभासदत्व होतं. त्यांनी देशोदेशींहून आणलेल्या वस्तूंतूनच हे म्युझियम उभं राहिलं. मुंबईत या कप्तानांचे व्यवहार बघणारे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचं तैलचित्र संग्रहात आहे. संग्रहातली प्रत्येक वस्तू कायम मांडलेली नसते, म्हणून ते सध्या बघायला मिळेल का हे आधी विचारून घ्या. सोसायटीचा 1825चा हॉल मात्र चुकवू नका. चीनमधून उतरवून पुन्हा उभारलेलं यिन यू तांग हे घरही तिथेच आहे. त्याची वेळ वेगळी घ्यावी लागू शकते.

गाइडला विचारायचे प्रश्न घरूनच लिहून न्या. माझा आग्रह एका प्रश्नाचा आहे: चेस्टनट स्ट्रीटवरच्या या देखण्या विटांच्या घरांचा पैसा कुठून आला? चांगला गाइड मिरी आणि रेशमावर थांबत नाही. इथला खारवलेला कॉड मासा कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत गुलामांच्या जेवणासाठी जायचा, हेही तो सांगतो. मग हॅमिल्टन हॉलमध्ये मेजवान्यांचा कारभार सांभाळणारे जॉन रीमंड आणि त्यांची मुलगी, गुलामगिरीविरुद्ध भाषणं देत फिरलेली सॅरा पार्कर रीमंड, यांच्याबद्दल विचारा. मुलं बरोबर असतील तर हा भाग त्यांच्या कानावर पडायलाच हवा.

कस्टम हाउसला पुढून फोटो काढून निघू नका. मागच्या बाजूला 1829चं वजनघर आहे, त्यात जकातीसाठी माल तोलायचे भले मोठे तराजू आहेत. प्राप्तिकर नव्हता त्या काळात अमेरिकी सरकारची तिजोरी मुख्यतः जकातीवर भरायची, आणि ती जकात अशाच काट्यांवर ठरायची. ते उघडं असेल त्या वेळेला पोचता येईल असा क्रम गाइडशी आधीच ठरवून घ्या.

बुटांच्या बाबतीत हयगय नको. पदपथ विटांचे आहेत, झाडांच्या मुळांनी जागोजागी उचललेले. चपला आणि सॅंडल घरीच ठेवा, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. डर्बी व्हार्फ सुमारे अर्धा मैल समुद्रात गेलेला आहे, टोकाला 1871चं छोटं दीपगृह, वाटेत सावली नाही. जूनमध्येही वाऱ्याने कान दुखतात, म्हणून आईच्या पिशवीत स्कार्फ आणि सगळ्यांसाठी विंडचीटर हवा. पाणी, औषधं, टोपी बरोबर असू द्या. स्वच्छतागृह फेरीआधीच उरकून घ्या.

जेवणाचं सांगायचं तर, शाकाहारी माणसांनी डबा न्यावा. ठेपले, दशम्या, जे असेल ते. हॉटेलात क्लॅम चाउडर मागवणाऱ्यांनी त्यात शिंपल्यांबरोबर बऱ्याचदा बेकन असतं हे लक्षात ठेवावं आणि विचारून घ्यावं.

चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीला लागून 1692च्या बळींचं स्मारक आहे. तिथे जाण्याआधी मुलांना सांगून ठेवा की ही खेळायची जागा नाही. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी फळ्यांवर एकेकाचं नाव, मृत्यूची तारीख आणि प्रकार कोरला आहे. आत शिरताना पायाखाली बघा: मी निर्दोष आहे, अशा अर्थाची त्यांची न्यायालयातली वाक्यं दगडात कोरली आहेत आणि ती वाक्याच्या मध्येच भिंतीखाली जाऊन तुटतात. इथे गाइडला पाच मिनिटं बोलू नका म्हणून सांगितलं तरी चालतं.

शेवटचं, सुट्टे पैसे. गाइडला फेरीच्या किमतीच्या 15 ते 20 टक्के टिप द्यायची इथे रीत आहे, आणि ती रोख, हातात दिलेली बरी. देताना पुढचा प्रश्न विचारून घ्या: दुपारच्या उरलेल्या दोन तासांत तुम्ही स्वतः कुठे जाल? तो सांगेल ती जागा नकाशावर त्याच्याकडूनच खूण करून घ्या, आणि परतीच्या गाडीची वेळ फोनमध्ये टाकून ठेवा.