खो-खोच्या खेळाडूला प्रशिक्षक व्हायचं असेल तर

प्रशिक्षक व्हायचं मनात असेल तर स्वतःचा खेळ थांबायची वाट बघू नका. मी कुमार गटात खेळत होते तेव्हाच आमच्या सरांनी आमच्याहून लहान, किशोरी गटाच्या मुलींचा सराव माझ्याकडे दिला. स्वतः पळताना जे कधी दिसलं नव्हतं, ते त्या मुलींकडे बघताना दिसायला लागलं. धाराशिव, लातूर, बीड, परभणीकडची पोरं-पोरी आता मला पुढं काय म्हणून विचारतात, तेव्हा मी पहिल्यांदा हेच सांगते: आजच चार लहान मुलं हाताशी घ्या आणि त्यांना खो द्यायला शिकवा.

बघणाऱ्यांच्या डोळ्यांत भरतो तो हुलकावण्या देत पळणारा नाहीतर खांबावर सूर मारून गडी टिपणारा. प्रशिक्षकानं मात्र बसलेल्या आठ जणांकडे बघायचं असतं. आक्रमण त्यांच्या जिवावर चालतं. कोण टाचांवर बसलंय, कुणाची नजर पळणाऱ्याऐवजी प्रेक्षकांत आहे, खो मिळायच्या आधीच कोण उठतंय, हे एकेकाचं टिपावं लागतं. खो देताना स्पर्श आणि आवाज एकदम यायला हवा, नाहीतर पंचाची शिट्टी वाजते. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत गेल्याशिवाय मागं वळता येत नाही, त्यामुळं उठताना पहिलं पाऊल कुठं पडतं यावर पुढचा सगळा पाठलाग ठरतो. हे पाऊल शिकवायला महिने जातात आणि ते जाऊ द्यावेत. माझ्या मते पहिल्या वर्षी मुलांना सूर शिकवायची घाई करणारा प्रशिक्षक त्यांचे कोपर, गुडघे आणि खुबे उगाच झिजवतो.

सामना बघायला गेलात तर एक पूर्ण डाव फक्त बसलेल्यांकडे बघा. वही जवळ ठेवा. खांबाजवळच्या चौकोनात उंच, लांब हाताची खेळाडू का बसवली, मधल्या चौकोनात चटकन उठणारी का, हे लिहून काढा. संरक्षणाच्या वेळी तिघींची तुकडी आत जाते, तेव्हा पहिल्या तुकडीत कोण आणि शेवटच्या तुकडीत कोण, हेही लिहा. जिला नुसतं रिंग खेळून, म्हणजे गोल फेऱ्या मारत, एका टोकाला घुटमळता येतं, ती खांबाजवळ कोंडीत सापडते. जिला बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळायची साखळीही जमते, तिला तिथून निसटता येतं. एका तुकडीत दोन्ही प्रकार येणाऱ्या मुली हव्यात. किशोर गटाचा डाव ७ मिनिटांचा आणि मोठ्यांचा ९ मिनिटांचा. ही दोन मिनिटं कागदावर छोटी वाटतात. किशोरी गटातून वर आलेल्या मुलीचे पाय शेवटच्या दोन मिनिटांतच बोलतात, म्हणून गट बदलण्याच्या वर्षी तिचा दम वेगळा वाढवावा लागतो.

मैदान हा आपल्याकडचा वेगळाच विषय. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात ती पायाला लोळागोळा होऊन चिकटते. त्यामुळं मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदान तयार करावं लागतं, आणि हे काम प्रशिक्षकालाच उभं राहून करून घ्यावं लागतं. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीत अनवाणी पळणाऱ्या मुलीला मॅटवर बूट घालून वळताना पाय अडकल्यासारखा होतो. तिच्यात काही कमी नसतं, पृष्ठभाग बदललेला असतो. राज्य स्पर्धेआधी जवळपास जिथं मॅट असेल तिथं चार दिवस तरी सराव मिळवा, त्यासाठी कुणाच्याही पाया पडायची तयारी ठेवा. नव्या पद्धतीचा खेळही समजून घ्या. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, तिथं एका बाजूला सातच खेळाडू असतात आणि सूर मारून केलेल्या बादला जास्त गुण मिळतात. मुलं मोबाइलवर तेच बघून मैदानावर येतात.

आता कागदांचं. शाळेत क्रीडा शिक्षक व्हायचं असेल तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी हवी. तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्याच्या प्रवेश परीक्षेत (सीईटी) लेखी परीक्षेबरोबर मैदानावरची चाचणीही असते. पूर्णवेळ प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका सगळ्यात वजनदार. ती लगेच जमत नसेल तर त्याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा. पंच परीक्षा तर खेळत असतानाच द्या. पंचगिरी करताना नियम हाडात मुरतात आणि जिल्ह्यातले सगळे संघ वर्षभर डोळ्यांखालून जातात. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे पडताळणी करून घ्यावी लागते. संघाची यादी, स्पर्धेचा निकाल, प्रवेशपत्र असं सगळं एका फाइलमध्ये ठेवा. माझ्याबरोबर खेळलेल्या एका मुलीची पडताळणी रखडली, कारण त्या स्पर्धेची यादी संयोजकांकडेच सापडत नव्हती. तुमच्या हाताखालच्या मुलांच्या फायलीही तुम्हीच लावा. आई-बापांना त्यातलं काही ठाऊक नसतं.

मला मात्र सगळ्यात जास्त बोलायचंय ते ऊसतोडीबद्दल. बीड, धाराशिवकडच्या कित्येक घरांतले आई-बाप दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात आणि पुढच्या फेऱ्या येईपर्यंत नेमकी ही जायची वेळ होते. मुलगी जिल्ह्याला जिंकलेली असते आणि गाडी दारात उभी असते. अशा वेळी प्रशिक्षकानं मैदान सोडून घरी जायचं असतं. आजी गावात राहणार आहे का, मामाकडे सोय होईल का, जिल्हा परिषदेच्या हंगामी वसतिगृहात नाव घालता येईल का, हे आई-बापांबरोबर बसून ठरवायचं. गाडीच्या दिवशी जाऊन उपयोग नसतो, गणपतीतच बोलणं सुरू करावं लागतं. मुलगी मोठी असेल तर लग्नाचाही विषय निघतो. तेव्हा दहावीचे ग्रेस गुण, वसतिगृह, नोकरीतलं आरक्षण हे सगळं बापाला समोर बसून नीट समजावून सांगा.

या घरांत मी दोन नावं आवर्जून घेते. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघानं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होत्या मूळच्या केज तालुक्यातल्या प्रियांका इंगळे. आपल्याच बाजूच्या पोरी आहेत, असं म्हटलं की आईचा चेहरा बदलतो. ते मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पैशाचं सरळ सांगते. सुरुवातीची वर्षं शाळेच्या तुटपुंज्या मानधनावर काढावी लागतात. सकाळ-संध्याकाळ मैदान आणि मधल्या वेळात दुसरं काम, असं आमच्यातल्या बहुतेकांनी केलंय. घरच्यांशी हे आधीच बोलून घ्या आणि किती वर्षं असं चालवायचं तेही मिळून ठरवा. जूनमध्ये शाळा उघडल्या की जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा, मैदान आणि मुलं मागा. त्याच आठवड्यात जिल्हा संघटनेकडे पंच परीक्षेसाठी नाव द्या.