सुपरहिरोला आंगऱ्यांच्या काळात नेताय? या चुका टाळा

मालवणात माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन तरी मुलं मालिकेची संहिता घेऊन येतात. कल्पना बहुतेक वेळा एकच असते: कॉमिक्समधला आवडता नायक घ्यायचा, त्याला अठराव्या शतकातल्या कोकणात आणायचं आणि आठ भाग रचायचे. मला ती मनापासून आवडते. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, वाचतच मी वाढलो. पण त्याच त्याच चुका पाहून आता जीव थकतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक पावसाची. आषाढातली अंधारी रात्र, ढगांचा गडगडाट, आणि नायक एकटाच गलबत घेऊन विजयदुर्गाहून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चाल करून जातो. हा प्रसंग मी इतक्या संहितांमध्ये वाचलाय की पान उलटायच्या आधीच ओळखतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका संहितेचं आम्ही देवगडात वाचन ठेवलं होतं. सगळी मालिका त्या वादळी रात्रीवर उभी होती. मीही ती दोनदा वाचली होती आणि माझ्याही ध्यानात काही आलं नव्हतं. वाचनाला शेजारचे एक वयस्क तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, येऊन बसले होते. तिसरा भाग संपल्यावर त्यांनी लेखकाला एवढंच विचारलं, "झिला, मिरग लागलो मां? मगे होडी पाण्यात कशी रे?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. मिरग म्हणजे मृग नक्षत्र. ते लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. गलबतंही खाडीत आत नेऊन ठेवायची. आणि हे फक्त आपल्याच लोकांचं नव्हतं. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंगऱ्यांच्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर आले ते १७२१च्या डिसेंबरात. सुवर्णदुर्ग गेला १७५५च्या एप्रिलात, विजयदुर्ग १७५६च्या फेब्रुवारीत. शत्रूही पंचांग बघूनच यायचा.

मुलं हिरमुसली. एकाने सुचवलं, आषाढाच्या जागी पौष घालू, बाकी सगळं तसंच ठेवू. असल्या पळवाटांचा मला राग येतो. पौषात वीज कुठून आणणार? आम्ही भांडलो, आणि शेवटी मालिकाच त्या बंद दिवसांवर नेली. दर्या बंद म्हणजे शत्रू येत नाही, पण नायकही कुठे जाऊ शकत नाही. घरात तांदूळ संपत आलेला, खलाशांच्या अंगावर कर्ज, किल्ल्यात फितुरीची कुजबुज, आणि नारळी पौर्णिमेला पहिलं गलबत कोण लोटणार यावरून तेढ. दुसऱ्या वाचनाला तांडेल शेवटपर्यंत बसले. तेव्हापासून माझी सवय झाली आहे: संहिता हाती आली की आधी भिंतीवर बारा मराठी महिने लिहायचे आणि प्रत्येक प्रसंग कुठल्या तरी महिन्याखाली चिकटवायचा. जो चिकटत नाही तो काढायचा.

दुसरी चूक मुखवट्याची. सुपरमॅन चष्मा लावतो आणि त्याला कुणी ओळखत नाही, बॅटमॅन रात्री छपरांवरून फिरतो आणि दिवसा उमराव असतो. हे महानगरात खपतं, कारण तिथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. पंचवीस घरांच्या वाडीत माणूस चालीवरून ओळखतात, खोकल्यावरून ओळखतात. तोंडाला फडकं बांधून आलेला शेजारचा पोर आजीला ओळखू येणार नाही, असं लिहिणाऱ्याने वाडीत एक रात्र काढावी.

उत्तर आपल्याकडेच आहे. अंगात अवसर येतो तेव्हा माणूस कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या वेळी तो शेजारचा माणूस नसतो. त्याला नावाने हाक मारत नाहीत, गाऱ्हाणं घालतात. दशावताराच्या कलावंतांबद्दलही म्हणतातच, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. तेव्हा नायक कोण हे गावाला कळू दे, आणि ते गुपित गावाने सांभाळू दे. मग कंपनीच्या हेराला एका माणसाचं तोंड उघडायचं नसून अख्ख्या वाडीचं उघडायचं असतं. यातून मिळणारे प्रसंग मुखवटा निसटण्याच्या प्रसंगापेक्षा कितीतरी खोल जातात.

ताकदीला किंमत ठेवा. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. देवाच्यासुद्धा वहाणा झिजतात. तुमच्या नायकाचं काय झिजतं ते पहिल्या भागात दिसायला हवं. आणि राखणदाराला शीव असते. शिवेपलीकडे त्याचं चालत नाही, हे कधीही विसरू नका.

आता चाच्यांबद्दल. मूळ वेताळाची कथा चाच्यांपासून सुरू होते: चाचे बापाला मारतात, मुलगा शपथ घेतो. ही कथा जशीच्या तशी आपल्या किनाऱ्यावर आणली की पहिला प्रश्न उभा राहतो, इथे चाचे कोण? इंग्रजांच्या कागदात आंगरेच चाचे आहेत. पोर्तुगीज आपल्या परवान्याशिवाय जहाज सोडत नसत, आणि मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंगरे आपल्या दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवायच, सोडत नसत. मग एक व्यापारी आणि दुसरा लुटारू कसा? त्याहून अवघड म्हणजे १७५५-५६मध्ये कान्होजींचा मुलगा तुळाजी आंगरे याच्या विरोधात पेशवे इंग्रजांबरोबर होते. घाई करणारी मुलं हे टाळतात आणि गोरा विरुद्ध मराठा एवढंच ठेवतात. मला याचं वाईट वाटतं, कारण नायकाने नेमकं कुणाच्या बाजूने उभं राहायचं ही या काळातली सगळ्यात जिवंत गाठ आहे. ज्याचं जहाज पकडलं गेलंय अशा एखाद्या गरीब व्यापाऱ्याला निदान एक अख्खा प्रसंग द्या.

बारीकसारीक गोष्टी झटपट सांगतो. मंगलोरी कौलांचा कारखाना १८६५चा, त्यामुळे १७५०च्या घरावर नळीची कौलं किंवा गवत. किनाऱ्यावरचं सुरूचं बन एकोणिसाव्या शतकापासूनचं, कॅमेरा माड, उंडी आणि केवड्याकडे वळवा. रॉकेलचा कंदील नको. उंडीच्या तेलाचा दिवा किंवा झावळांची चूड पेटवा. चहा तर अजिबात नको.

भाषेत आळस करू नका. सगळी पात्रं नाटकी दरबारी मराठी बोलतात आणि नोकर तेवढा विनोदापुरता मालवणी, हे मी लगेच परत पाठवतो. आरमारावर गाबीत, भंडारी, कोळी, मुसलमान असे सगळे होते. त्यांच्या बोली त्यांच्याच घरातल्या माणसांकडून वाचून घ्या, भ्रमणध्वनीवर दहा मिनिटांत विचारून होणारं हे काम नाही.

आणि पाठीवरचं ते फडफडणारं वस्त्र. खाऱ्या वाऱ्यात ते भिजतं, जड होतं, वल्ह्यात अडकतं. मी त्याजागी इरलं सुचवतो. बांबूच्या कामट्या आणि पानांचं, डोकं आणि पाठ झाकणारं. भर लावणीत एकाच शेतात वीस इरली खाली वाकलेली असतात, वरून पाऊस कोसळत असतो, आणि बांधावर उभ्या राहिलेल्या हेराला त्यातलं एकही तोंड दिसत नाही.