मकरपुऱ्यातला कारखाना विकायचाय? आधी हे करा

बाजार असा डळमळीत असताना विकायचं की थांबायचं हे नंतर ठरवा, पहिलं काम म्हणजे मागच्या 3 वर्षांचे हिशेब साफ करा. आमच्या दादाच्या बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीतल्या) मशिनिंग युनिटचं मी स्वतः बघितलंय, घेणाऱ्याच्या सीएने लेजर (खातेवही) उघडलं तर त्यात घरच्या गाडीचं डिझेल, वहिनीचा मोबाईल आणि पुतणीच्या लग्नातला मांडववाला, सगळं "फॅक्टरी खर्च"! असले खर्च वेगळे काढून खरा नफा किती ते कागदावर मांडा, कारण भाव बहुतेक नफ्याच्या पटीत लागतो, 5 पट धरली तर 10 लाखांच्या घरखर्चापायी 50 लाख गेले की हो.

जीआयडीसीचा प्लॉट लीजवर असतो, ट्रान्सफरला त्यांची परवानगी आणि फी लागते, तर थकबाकी आधीच भरून टाका.

गिऱ्हाइकांची नावं, रेट, ड्रॉइंग दाखवायच्या आधी एनडीएवर, म्हणजे माहिती बाहेर न फोडण्याच्या करारावर, सही घ्या. घेणारा कधीकधी शेजारच्या शेडवाल्याचाच माणूस निघतो, बडोदं केवढंसं!

नुसतं भांडवल हवं असेल आणि कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर 25 टक्क्यांच्या वर हिस्सा देताना दहादा विचार करा, त्यापुढे स्पेशल रिझोल्यूशन (कंपनीच्या मोठ्या निर्णयांचा ठराव) अडवायची ताकद समोरच्याकडे जाते.

सध्या घेणारे म्हणतात निम्मे आत्ता, उरलेले पुढच्या 2 वर्षांच्या नफ्यावर. याला अर्न-आउट म्हणतात. घ्या, पण नफ्यावर नको, विक्रीवर बांधून घ्या, नफा काय, घेणारा नवीन खर्च दाखवून कमी करेल. आणि बँकेला दिलेली पर्सनल गॅरंटी सुटल्याचं पत्र हातात आल्याशिवाय चाव्या देऊ नका, दादा अजून त्या पत्रासाठी चकरा मारतोय.