म्हातारी मांजर ओकतेय, खाणं बदललंय: काय बघायचं, काय करायचं, कधी धावायचं

आमची ठमी १३ वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात तिची भूक एकदम वाढली. पहाटे साडेचारला उशाशी येऊन कोकलायची, वाटी चाटूनपुसून पुन्हा मागायची. आठवड्यातून दोनदा ओकायची, पण ‘अधाशासारखी खाते म्हणून ओकते’ असं आम्हीच ठरवून टाकलं. सासूबाई तर खूश. “या वयात एवढं खाते, म्हणजे ठणठणीत आहे.” एक दिवस तिला कपाटावरून उतरवताना पाठीचे मणके हाताला करवतीसारखे लागले. लसीच्या कार्डावर जुनं वजन होतं ४.१ किलो. काट्यावर भरलं ३.२. रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड वाढलेला निघाला.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. मांजर ११ वर्षांपुढे गेली की उलटी आणि भुकेतला फरक ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचा नाही. भूक वाढली तरी नाही. भरपूर खाऊनही वाळत चाललेल्या मांजरीला थायरॉइड किंवा मधुमेह असू शकतो. भूक कमी, पाणी जास्त आणि तिच्या वाळूत लघवीची ढेकळं मोठी, तर मूत्रपिंडाकडे बघावं लागतं. वाटीपाशी जाते, हुंगते आणि तोंड फिरवते, तर मळमळ असते किंवा दात दुखत असतात. जुनाट आतड्याची सूज, स्वादुपिंडाची सूज, बद्धकोष्ठ, गाठ हेही यादीत आहेतच. यातलं कोणतं, हे घरी कळत नाही. आपलं काम निदानाचं नाही, नोंदीचं आहे.

आधी दिनदर्शिका आणि काटा

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेच्या चौकोनात खुणा करायच्या: उलटी झाली की ‘उ’, वाटी अर्धी राहिली की ‘अ’, काहीच खाल्लं नाही की शून्य. वही घातली तर ती हरवते. दिनदर्शिका दुधाच्या हिशेबासाठी रोज बघितली जातेच. उलटी पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. किळस वाटते, पण डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा फोटो जास्त सांगतो. जमलं तर व्हिडिओच घ्या, कारण पोट आत-बाहेर ओढून ओकणं वेगळं आणि खाल्ल्याबरोबर न पचलेलं अन्न नुसतं तोंडातून घरंगळणं वेगळं. मान लांब करून, जमिनीला टेकून जी ‘ओकारी’ येते आणि बाहेर काही पडत नाही, तो कधीकधी चक्क खोकला असतो, दम्याचा.

वजन दर १५ दिवसांनी. माणसाच्या काट्यावर मांजर घेऊन उभं राहिलं तर शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक निसटतो, आणि ४ किलोच्या मांजरीचे २०० ग्रॅम म्हणजे ५ टक्के. ओळखीच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्यावर टोपलीसकट ठेवा, टोपलीचं वजन वजा करा. आमचा दुकानदार आता न सांगता टोपलीचं वजन आधीच शून्य करून ठेवतो.

एखादी उलटी झाली, पण मांजर तरतरीत आहे

तासभर वाटी उचलून ठेवा, पाणी राहू द्या. मग चमचाभर अन्न. टिकलं तर दोन-तीन तासांनी पुन्हा चमचाभर. माणसासारखा ‘एक दिवस लंघन’ हा उपाय मांजरीला चालत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि त्यातून जिवावर बेततं. लठ्ठ मांजरीला हा धोका जास्त. म्हातारीने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचाच.

काय द्यायचं? बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, बारीक कुस्करून, कोमट करून. कोमट अन्नाचा वास सुटतो आणि म्हाताऱ्या मांजरीचं नाक मंदावलेलं असतं. आपल्याकडे रश्श्यात भाकरी कुस्करून टाकायची पद्धत आहे, ती बंद. कांदा-लसणाने मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि खान्देशातला कोणता रस्सा कांदा-लसणाशिवाय होतो? दूधही नको, बऱ्याच मोठ्या मांजरींना ते पचत नाही. सुके बोंबील दाखवले तर मेलेली भूक जागी होते हे खरं, पण त्यात मीठ किती असतं! मूत्रपिंडाची शंका असेल तर डब्याचं झाकणही उघडू नका. नवं खाद्य सुरू करायचं तर जुन्यात थोडं थोडं मिसळत ७ ते १० दिवसांत.

एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो तेव्हा ओलं अन्न अर्ध्या तासात उचला, नाहीतर ओकण्याचं कारण तुम्हीच वाटीत वाढून ठेवलेलं असतं. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, पसरट, खाण्यापासून लांब. ठमीला कूलरच्या टाकीतलं पाणी आवडायचं. टाकीवर झाकण बसवलं आणि शेजारी मातीचं परळ ठेवलं, मग तिथून प्यायला लागली.

अंगातलं पाणी कमी झालंय का हे मानेची कातडी ओढून बघतात. म्हाताऱ्या मांजरीत त्यावर विसंबू नका, तिची कातडी तशीही सैल असते. ओठ उचलून हिरडीला बोट लावा: बुळबुळीत लागली तर ठीक, चिकट किंवा कोरडी लागली तर दवाखाना.

घरातल्या गोळ्यांना हात लावू नका

पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. आणखी एक गोंधळ होता होता राहिला: सासूबाई थायरॉइडची गोळी घेतात, तीच अर्धी ठमीला द्यावी असं एका हितचिंतकाने सुचवलं. माणसांत बहुधा थायरॉइड कमी पडतो, म्हाताऱ्या मांजरींत तो वाढतो. औषध बरोबर उलटं. कुत्र्याची गोचिडाची पावडर वा थेंबही नकोत. त्यांतल्या कित्येकांत असलेलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरीला विष आहे.

आजच, आत्ताच न्यायचं ते कधी

दिवसात तीन-चारदा ओकली आणि पाणीही ठरत नाही. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसतं. हिरड्या पिवळ्या किंवा पांढऱ्याफटक. तोंड उघडून धापा. बोका वारंवार बसतो पण लघवी होत नाही. उंदराचं औषध किंवा कपाशीवरच्या फवारणीचा संशय असेल तर डबा सोबत घ्या आणि घरी मीठ-पाणी पाजून ओकवत बसू नका. संक्रांतीच्या दिवसांत तोंडातून किंवा मागून मांजाचा दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. आत आतडं त्या दोऱ्यावर चुणलेलं असू शकतं, ओढलं तर कापलं जातं.

न्यायचं कसं, विचारायचं काय

गोणीत बांधून नेऊ नका. केळीचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून चारही कोपऱ्यांना सुतळीने बांधले की झकास पिंजरा होतो: हवा खेळती, आत जुनी चादर, वरून ओढणी. मी अमळनेरहून धुळ्याला एसटीने ठमीला असंच नेलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, “क्रेटमा काय शे?” ठमीनेच उत्तर दिलं.

गुरांच्या दवाखान्यात गायी-म्हशींची गर्दी असते. मांजरी नेहमी बघणारे डॉक्टर कुठे आहेत हे आजारपणाआधीच विचारून ठेवा. दिनदर्शिकेचं पान, फोटो, वजनं पुढे ठेवा आणि विचारा: रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), साखर आणि टी-४ (थायरॉइडसाठी) बघायचं का, लघवी तपासायची का, रक्तदाब मोजता येईल का, सोनोग्राफी लागेल का, दात बघाल का. उलटी थांबवणारं आणि भूक लावणारं औषध मिळतं, तेही मागायला लाजू नका.

गोळी सुरू झाली की ती घशात अडकू नये म्हणून मागोमाग थोडं पाणी सिरिंजने, गालाच्या बाजूने, हळूहळू. अन्न मात्र जबरदस्तीने कोंबू नका, श्वासनलिकेत जातं. थायरॉइडची गोळी असेल तर दोन-तीन आठवड्यांत रक्त पुन्हा तपासायचं आणि त्यात क्रिएटिनिनही हवं, कारण वाढलेला थायरॉइड मूत्रपिंडाचं दुखणं झाकून ठेवतो आणि तो ताब्यात आला की ते वर येतं. ठमीचं थोडं आलं. आता तिच्या वाटीत पाणी घालून पातळ केलेलं, मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठीचं खाद्य असतं, आणि दिनदर्शिकेत दुधाच्या आकड्याखाली तिचं वजन: ३.६.