वादळ कमजोर झाल्याची बातमी आली तरी चर आधी मोकळा करा

बंगालच्या उपसागरातले चक्रीवादळ आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्याशी आले, की सप्टेंबर-ऑक्टोबरात मराठवाड्यात आणि विदर्भात एक बातमी गावोगाव फिरते : वादळाचा जोर ओसरला. ही बातमी बहुधा खरी असते. मात्र तिच्यावर विसंबून शेताच्या खालच्या कोपऱ्यातला निचऱ्याचा चर बुजलेलाच ठेवणाऱ्यांचे हाताशी आलेले पीक पाण्यात बसताना मी अनेक हंगामांत पाहिले आहे, म्हणून या सल्ल्यात तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल.

ओसरतो तो वाऱ्याचा जोर. चक्रीवादळाची वर्गवारी वाऱ्याच्या वेगावरून ठरते. ताशी ६२ किलोमीटर आणि त्याहून अधिक वेगाचे वारे असतील तरच त्याला चक्रीवादळ म्हणतात. जमिनीवर आल्यावर समुद्राकडून मिळणारी उष्णता व बाष्प तुटते, जमिनीच्या घर्षणाने वारा मंदावतो आणि वादळ खालच्या वर्गात जाते. त्याच्या भोवतालच्या ढगांतले पाणी मात्र वर्ग उतरला म्हणून कमी होत नाही, आणि मान्सूनचे वारे वाहत असतील तर त्याला बाष्पाचा पुरवठाही चालू राहतो. ‘गुलाब’ चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२१ रोजी आंध्रातल्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले, दुसऱ्या दिवशी त्याचा जोर उतरला, आणि त्याच्याच अवशेषाने २७ व २८ सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी केली. पुढे तोच अवशेष अरबी समुद्रात जाऊन ‘शाहीन’ झाला व ओमानच्या किनाऱ्यावर धडकला.

त्यामुळे हवामान विभागाचे पत्रक वाचताना वादळाच्या नावापुढचे विशेषण सोडून जिल्हानिहाय पावसाचा इशारा आधी पाहावा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस धरतात. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. १०० मिलिमीटरला ते ४ लाख लिटर होते, आणि एवढे पाणी बुजलेल्या चरातून जात नाही.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पुढे सरकण्याचा वेग. पावसाचा पट्टा ३०० किलोमीटर रुंद असेल आणि ताशी २० किलोमीटरने सरकत असेल, तर तो १५ तासांत तुमच्यावरून निघून जातो. वेग १० वर आला तर तोच पट्टा ३० तास थांबतो. म्हणजे मंदावलेले वादळ शेतीला अधिक वाईट ठरू शकते. तिसरी गोष्ट, नकाशावरची वादळाच्या मार्गाची रेघ आपल्या तालुक्यावरून जात नाही म्हणून निश्चिंत राहू नये. मान्सूनच्या दिवसांत पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा कमी दाबाच्या क्षेत्राचा सर्वाधिक पाऊस बहुधा केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. मोकळ्या शेतात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास केंद्र डाव्या हाताला, किंचित पुढे असते. वारा वायव्येकडून येत असेल तर आपण त्या ओल्या बाजूला आहोत असे मी धरतो. दुपारी आभाळ उघडले तरी रात्रीचा पाऊस गृहीत धरावा, असाही माझा अनुभव आहे, त्याला नियम म्हणता येणार नाही.

चराचे काम इशारा आल्या दिवशीच करावे. बांधाच्या सर्वांत खोल कोपऱ्यात जाऊन पाहिले तर गाळ बसलेला, त्यावर हरळीची मुळे जाळीसारखी पसरलेली आणि मागच्या पावसाने आणलेला काडीकचरा अडकलेला दिसतो. वरवर चर दिसत असतो, पण फावडे घातल्यावर तळ वीतभर वर आलेला आढळतो. तो तळापर्यंत उकरावा, हरळी बाहेर फेकावी, आणि पाणी शेजाऱ्याच्या पिकात न जाता ओढ्याला मिळेल अशी वाट त्याच्याशी बोलून ठरवावी. पाऊस सुरू झाल्यावर काळ्या जमिनीत पाय रुततो आणि हे काम होत नाही.

बाकीची कामे :
– कापलेले सोयाबीन उंच जागी गंजी लावून ताडपत्रीने झाकणे. कापणी बाकी असेल तर थांबणे.
– वेचणीला आलेला कापूस वेचून घेणे.
– फवारणी व खत देणे पुढे ढकलणे.
– जनावरे व मोटारीचे स्टार्टर सुरक्षित जागी हलवणे.
– वीज चमकताना झाडाखाली न थांबणे.

पाऊस उघडल्यावर साचलेले पाणी लवकरात लवकर, उशिरात उशिरा ४८ तासांच्या आत बाहेर काढावे. कपाशीची झाडे अचानक सुकू लागली तर आधी निचरा करावा, मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरे पोटॅश व २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी १०० मिलिलिटर द्रावण ओतावे आणि बुंध्याजवळची माती पायाने दाबून घ्यावी. याच दिवसांत दुकानदार टॉनिक, ह्युमिक आणि आणखी कसल्या महागड्या बाटल्या एकत्र बांधून हातात ठेवतात. मुळे पाण्यात गुदमरत असताना पानांवर काहीही फवारले तरी झाड सावरत नाही, तेव्हा तो पैसा खालचा कोपरा उकरणाऱ्या मजुराला द्यावा. पहिल्या मोठ्या सरीनंतर तिथे पुन्हा एक फेरी मारावी, कारण वाहून आलेले धसकट तोंडाशी अडकले की मोकळा केलेला चरही त्याच रात्री बुजतो.